आडवी तुटलेली चावी

तुकडा बाहेर आला तेव्हा माझी मान पार आखडली होती. पाऊण तास मी गाडीच्या ड्रायव्हर सीटवर आडवा पडून, डोकं स्टिअरिंगखाली घालून होतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात करवतीच्या पात्यातून घासून बनवलेला बारीक आकडा. बासष्टाव्या वर्षी माणसानं असं लोळू नये, हे मलाही कळतं. पण दुकानात दुसरं कुणी नाही, आणि कुलपात अडकलेली चावी काढायला मला दुसऱ्याचा हात चालतही नाही.

"निघाला?" जावयांनी विचारलं.

टोइंगवाल्यानं सकाळी गाडी आणून सोडली, तेव्हापासून ते गाडीच्या दारापाशी उभे होते. मी तीनदा खुर्ची दाखवली, तीनदा ते "असू द्या, बाबा" म्हणाले. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहिलं की मला काम सुचत नाही, हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण जावयाला 'बाजूला व्हा' कोण म्हणणार?

"निघाला," म्हणून मी उठलो आणि तुकडा तळहातावर घेऊन उजेडात आलो.

गाड्यांची कुलपं दुरुस्त करण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. डॉक्टर जीभ बघून पोटाचं सांगतो, तसं मी तुटलेली चावी बघून ती कशी तुटली ते सांगू शकतो. कुलूप घट्ट झालेलं असतं, माणूस चिडलेला असतो, जोर लावून फिरवत राहतो. मग चावीला पीळ पडतो आणि ती तुटते. शंभरातल्या नव्वद अशाच जातात. या तुकड्याला पीळ नव्हता. तुटल्या जागी तो एका बाजूला वाकला होता. मी पुन्हा आत डोकं घालून कुलपाचं तोंड पाहिलं. दाराकडच्या कडेवर पितळ घासल्याचा पिवळा ओरखडा होता.

म्हणजे चावी फिरवताना तुटली नव्हती. चावी आत होती, चावीवर कुणाचा तरी हात होता, आणि तो हात कुणीतरी दाराच्या बाजूनं ओढला होता. ओढणारा गाडीच्या बाहेर उभा असणार. मी मान वर केली. जावई अगदी त्याच जागी उभे होते.

"कशी तुटली हो?" मी विचारलं.

"तिची नेहमीची घाई. फिरवली जोरात, तुटली."

"फिरवताना?"

"मग आणखी कशी तुटणार?" ते हसले. त्यांचं हसणं चांगलं आहे. लग्नाच्या वेळी आमच्या सगळ्या नातेवाइकांना तेच आवडलं होतं.

"कधी झालं हे?"

"परवा संध्याकाळी."

आमच्या हिनं काल लेकीला फोन केला होता. उचलला जावयांनी. ती बाथरूममध्ये घसरली, हात मुरगळलाय, झोपलीय, असं सांगितलं. कधी घसरली, असं हिनं विचारलं तर म्हणाले, परवा संध्याकाळी.

माझ्या हातातला आकडा मी टेबलावर ठेवला.

पाच महिन्यांपूर्वी याच गाडीतून लेक आमच्याकडे आली होती. गाडी तिची. नोकरीला लागल्यावर स्वतःच्या पगारातून जुनी घेतली, मीच बघून दिली, कागदपत्रं तिच्या नावावर. मागच्या सीटवर एक बॅग होती. चहा झाल्यावर म्हणाली, "बाबा, मला परत जायचं नाहीये." मी विचारलं, मारतो का? म्हणाली, नाही. शिव्या देतो? नाही. ओरडतो? तर म्हणाली, "ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्यावर लक्ष ठेवतो, बाबा. मी कुठल्या खोलीत आहे, कुणाशी बोलले, किती वेळ बोलले. आणि सगळं हळू आवाजात विचारतो."

यावर मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. मी म्हणालो, "भांड्याला भांडं लागायचंच. काळजी आहे म्हणून विचारतो माणूस." आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "राहू दे ना चार दिवस," एवढंच म्हणाली. मी ऐकलं नाही. संध्याकाळी गाडी मीच चालवली आणि लेकीला तिच्या घरी नेऊन सोडलं. जावयांनी दार उघडलं, स्वतः चहा केला. मला वाटलं, बघा, उगाच राईचा पर्वत.

त्यानंतर लेक आमच्याकडे आली नाही. तिनं नोकरी सोडल्याचं आम्हाला जावयांकडून कळलं. ही माझ्याशी भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून मला वाढते आणि आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जाते.

"कुलूप दुरुस्त होईल," मी म्हणालो. "आतल्या पट्ट्या शाबूत आहेत. दुसरी चावी असेल ना घरी? तीच चालेल."

"नको. नवंच बसवा. जुन्या कुठल्याच चावीनं गाडी सुरू व्हायला नको."

"का हो?"

"दुसरी चावी हरवलीय. म्हणजे ती म्हणते, हरवली. कुठे ठेवलीय ते सांगत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आठवत नाही तिला. आणि नव्याच्या चाव्या माझ्याकडेच द्या. हात दुखत असताना तिनं गाडीला हात लावू नये."

नव्या कुलपाचा डबा माझ्या कपाटात होता. जुनी साधी गाडी, चिपबिप काही नाही, शहरात अशा हजारो असतील. मी काम सुरू केलं. बारीक छिद्रातून खिळा दाबायचा, सिलिंडर ओढून काढायचं, नव्याला तेल लावून आत सरकवायचं, खिळा टक्कन बसला की झालं. हे सगळं माझे हात आपापलं करतात, मला लक्ष द्यावं लागत नाही, आणि त्या दिवशी त्याचंच वाईट वाटत होतं. माझ्या लेकीची गाडी मी माझ्याच हातांनी तिच्यासाठी बंद करत होतो. एकदा घरी परत नेऊन झालं होतं, आता कुलूपही लावून द्यायचं.

दुकानात माझ्या टेबलावर एक बोर्ड आहे. अक्षर माझंच, फार चांगलं नाही. 'चावी मालकाच्याच हाती मिळेल. दोनच मिळतील. तिसरी मागू नये.' धंद्याच्या पहिल्या वर्षी मी एकाला विश्वासानं तिसरी चावी करून दिली. दोन भाऊ होते, पुढे त्या गाडीवरून एकमेकांच्या जिवावर उठले. तेव्हा कानाला खडा लावला. दारूडे आले, पुढारी आले, सख्खा मेव्हणा आला, तिसरी चावी कुणाला केली नाही. लोक बोर्डाला हसतात, पण गाडी माझ्याकडेच आणतात.

डब्यातल्या दोन चाव्या घेऊन मी आत मशीनपाशी गेलो.

"मशीन कशाला?" जावई दुकानाच्या दारात आले.

"नव्या चावीला धार असते. बोट कापतं. घासून देतो."

हे खोटं नव्हतं. दोन्ही घासल्या. मग पाठ दाराकडे ठेवून एक कोरी चावी मशीनच्या पकडीत लावली आणि मशीन पुन्हा चालू केलं. मशीनचा आवाज कर्कश आहे, दीड मिनिट दुसरं काही ऐकू येत नाही. तेवढ्या वेळात माझी इतक्या वर्षांची टेक गेली. जावई मागून दोन पावलं पुढे आल्याचं मला जाणवलं, कारण टेबलावर सावली पडली. मी पितळाचा भुसा फुंकला, दोन चाव्या कडीत ओवल्या आणि तिसरी बोटांच्या बेचक्यात धरली. चावीवाल्याच्या बोटांत चावी असतेच, तिच्याकडे कुणी बघत नाही.

"द्या," त्यांनी हात पुढे केला.

"सही लेकीची लागेल. गाडी तिच्या नावावर आहे."

"आपल्याआपल्यात कसली सही, बाबा?"

"बाहेरच्याला नियम दाखवायचा आणि घरच्याला सोडायचं, तर बोर्ड उतरवूनच ठेवायला हवा. चला, मी येतो बरोबर. पाच महिने झाले पोरीला बघितलं नाही."

त्यांनी घड्याळात पाहिलं. मग बोर्डाकडे. "या की," म्हणाले. "तिलाही बरं वाटेल."

गाडी त्यांनी चालवली; चाव्या मी तेवढ्यापुरत्या दिल्या आणि उतरताना परत मागून घेतल्या. मी बाजूला बसलो. गाव मागे पडलं, मग तो लांबलचक रस्ता, मग त्यांची वसाहत. नवी बैठी घरं, निम्मी अजून रिकामी. बस वसाहतीत येत नाही, चौकापर्यंतच येते. पाच महिन्यांपूर्वी मला हे सगळं शांत आणि छान वाटलं होतं.

"एक सांगू?" जावई म्हणाले. "तुम्ही तेव्हा तिला परत आणून सोडलंत ना, मला फार बरं वाटलं. आईंचं काही सांगता येत नाही, पण तुम्ही माझ्या बाजूचे आहात, हे मला तेव्हाच कळलं."

बोलण्यासारखं तोंड मी ठेवलंच नव्हतं.

गाडी अंगणात उभी केली. शेजारच्या घरापुढे एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांना जावयांनी हसून नमस्कार केला. आत गेलो. मी बसलो होतो तिथून आतल्या खोलीचं दार दिसत होतं. दाराच्या आतली कडी काढून टाकलेली होती. स्क्रूची चार भोकं तेवढी उरली होती. बाथरूमच्या दारालाही तशीच चार.

लेक बाहेर आली. खूप वाळली होती. उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली. मला बघून तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"या," पाहुण्याला म्हणावं तसं ती म्हणाली. "आई बरी आहे?"

"बरी आहे. गाडीचं कुलूप बदललं. सही हवी होती तुझी."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवल्यावर तिनं पेन घेतलं, डाव्या हातानं. पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी सही झाली. मी कडीतल्या दोन चाव्या तिच्या तळहातावर ठेवल्या. तिनं त्या पाहिल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत तोच हात नवऱ्यापुढे धरला. त्यांनी चाव्या उचलून पँटच्या खिशात टाकल्या.

"बघा, किती समजूतदार आहे," ते म्हणाले.

मी तिच्या पट्टीकडे पाहिलं. मग मी म्हणालो, "बोटं सुजलीत तुझी. पट्टी आवळली गेलीय. आण इकडे."

"सकाळीच बांधलीय मी," जावई म्हणाले.

"छान बांधलीत. पण कामावर माझा हात इतक्यांदा मुरगळलाय की यात मी कंपाउंडर झालोय. ये, बाळा, बस."

ती माझ्यासमोर वेताच्या मोड्यावर बसली. जावई बाजूला उभे राहिले, सकाळी गाडीपाशी राहिले होते तसेच, अगदी खांद्याजवळ. मी पट्टी उलगडायला लागलो. शेवटचा वेढा सुटला आणि मनगट दिसलं. बाथरूममध्ये घसरलेल्या माणसाच्या मनगटावर बोटं उमटत नाहीत. चार एका बाजूला होती, काळीनिळी. अंगठा दुसऱ्या बाजूला.

मी मान वर केली नाही. वर केली असती तर तिथेच काहीतरी झालं असतं, आणि जे झालं असतं ते मी निघून गेल्यावर तिला भोगावं लागलं असतं. मी पट्टीचं टोक तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरलं. बेचक्यातली चावी त्याखाली आडवी सरकवली आणि पहिला वेढा घेतला. पितळ थंड असतं. तिचा हात एकदाच, अगदी थोडा, दचकला.

"दुखलं?" जावयांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

मी वेढे घेत राहिलो. दोन, तीन, चार. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"घट्ट नाही ना झाली?"

"नाही, बाबा. बरोबर झालीय."

आता तिथे थांबण्यात अर्थ नव्हता, आणि थांबलो असतो तर माझ्या चेहऱ्यानं चहाडी केली असती. मी उठलो. अंगणात आलो, आणि शेजारच्या बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "जावईबापू, चौकापर्यंत सोबत करा म्हाताऱ्याला. तुमच्या वसाहतीतली सगळी वळणं सारखीच, मागच्या खेपेला मी भलतीकडेच गेलो होतो."

"गाडीनं सोडतो की."

"नको. सकाळपासून गाडीतच पडून आहे, गुडघे आखडलेत. पायीच जाऊ. का हो, सासऱ्याबरोबर चार पावलं चालायला जड जातं?"

कपडे वाळत घालणाऱ्या बाई हसल्या. जावई लोकांसमोर फार चांगले वागतात. एकदा घराकडे, एकदा गाडीकडे बघून त्यांनी खिसा चाचपला. चाव्या वाजल्या.

"चला," ते म्हणाले.

"येतो गं," मी दारात उभ्या असलेल्या लेकीला म्हणालो. "ह्यांना परत यायला अर्धा तास तरी लागेल."

"सावकाश जा, बाबा," ती म्हणाली.

मी सावकाश गेलो. इतकं सावकाश मी आयुष्यात चाललो नसेन. नोकरीचं विचारलं, साहेबाचं विचारलं, वसाहतीला पाणी किती वेळ येतं ते विचारलं. ते प्रत्येकाचं नीट उत्तर देत होते, हळू आवाजात. आतून मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मागे सगळं शांत होतं. मला वाटायला लागलं, ती निघणार नाही. का निघावं तिनं? निघून जायचं कुठे? एकदा निघाली होती, तर बापानंच उचलून परत आणून ठेवली. चावी नवऱ्याला देऊनसुद्धा टाकली असेल.

मग सेल्फचा आवाज आला. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं.

जावई थांबले. हात खिशात गेला. दोन्ही चाव्या त्यांनी बाहेर काढल्या, तळहातावर ठेवून पाहिल्या, आणि त्यांच्या खांद्यांतला ताण गेला.

"मला वाटलं, आपलीच गाडी."

"अशा गाड्या पुष्कळ आहेत," मी म्हणालो.

आम्ही चालायला लागलो. आठ-दहा पावलं गेलो असू. चौक समोर दिसत होता. मागून गाडी वळणावर आली आणि मी आवाजावरून ओळखली. जावयांनी वळून पाहिलं. ते रस्त्याच्या मधे धावले नाहीत की ओरडले नाहीत, नुसते उभे राहिले. चाव्यांचा हात तसाच पुढे राहिला होता.

ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. मनगटाची पट्टी सुटून लोंबत होती. मला वाटलं, ती थांबेल. खरं सांगतो, मला खात्रीच होती. मी रस्त्याच्या कडेला सरकलोसुद्धा, चटकन दार उघडून बसता यावं म्हणून. गाडी जवळ आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि गाडी माझ्यापुढून निघून गेली.

चौकात डावीकडे आमच्या घराचा रस्ता जातो. गाडी उजवीकडे वळली.

मी तिथेच उभा राहिलो. गाडी गेली याचा आनंद होता आणि ती माझ्यासाठी थांबली नाही याचं दुःख, दोन्ही एकदम. तिला शोधायला जावई पहिल्यांदा आमच्याच घरी येणार, हे तिला कळत असणार. पण तेवढंच कारण नव्हतं. आमच्या घराचा रस्ता तिनं एकदा करून पाहिला होता.

"कुठे गेली?" जावयांनी विचारलं.

"ठाऊक नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. त्यांनी तळहातावरच्या चाव्या पुन्हा मोजल्या. मग माझ्याकडे पाहिलं. आवाज तसाच, हळू आणि गोड.

"तुम्ही तर दोनच देता ना, बाबा?"

"आजपर्यंत," मी म्हणालो.

त्यांनी चाव्या पुन्हा खिशात टाकल्या. मग वळले आणि घराकडे चालायला लागले. घाई नव्हती त्यांच्या चालण्यात. घाई असती तर मला कमी भीती वाटली असती.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी खिशातून चावीचा तुटका तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि हिला घडलेलं सगळं सांगितलं. चावीच्या आडव्या तुटण्यापासून चौकापर्यंत. ती ऐकत होती. तुकडा तिनं उचलून बघितला, परत ठेवला.

"आपल्याकडे का नाही आली?" शेवटी तिनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, त्यामुळे मी दिलं नाही.

"ते येतील इकडे शोधत," मी म्हणालो.

"येऊ देत," ती म्हणाली.

तिनं मला वाढलं. मग आपलं ताट घेतलं, आतल्या खोलीकडे दोन पावलं गेली, थांबली, आणि परत येऊन माझ्यासमोर बसली. फोन तिनं दोघांच्या मधे ठेवला. आम्ही जेवलो, ताटं तशीच ठेवून बसून राहिलो. तो वाजला नाही.